मूर्तिजापूरचा ‘पूर’

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण अठरा. त्यांतला एक नियम एकट्या एका शब्दासाठी राखून ठेवलेला आहे. गावाच्या नावाला ‘पूर’ लागला, की त्यातला ‘पू’ दीर्घ लिहायचा. नागपूर, सोलापूर, मूर्तिजापूर. संस्कृतात गावाचा शब्द ऱ्हस्व, ‘पुर’. नदीला येतो तो दीर्घ, ‘पूर’. दोघांचे धातू वेगळे, कुळं वेगळी. मराठीनं शेवटच्या ‘अ’चा उच्चार सोडला, त्याआधीचा उकार लांबवला, आणि दोन अनोळखी माणसांना एकच सदरा चढवला. आता नुसत्या अक्षरांवरून हा पूर वस्तीचा की पाण्याचा हे ओळखता येत नाही, वाक्य पुढं सरकलं की कळतं. एवढ्याशा शब्दावर वर्तमानपत्राची जागा खर्ची घालायचं कारण असं, की गेली काही वर्षं महाराष्ट्रात गावांच्या नावांचा वाद शब्दांच्या मुळाशी नेऊन लढवला जातो आहे. छत्रपती संभाजीनगर झालं, धाराशिव झालं, अहिल्यानगर झालं. २०२५ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचं ठरलं. या शेवटच्या बदलात नावाचा पुढचा तुकडा गेला, मागचा जागेवर राहिला. ‘पूर’ आपलाच, त्याला कोण हात लावणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचं नाव याच घडणीचं आहे: पुढं अरबी, मागं संस्कृत. माझं म्हणणं असं, की ज्या मागच्या तुकड्याला आपण बिनवादाचा समजतो त्याचीच कुळकथा नीट वाचली, तर मुळावरून मालकी ठरवण्याची सगळी रीत लंगडी पडते. व्युत्पत्ती हा शब्दाचा सातबारा नव्हे. फार तर ते फेरफाराचं रजिस्टर आहे.

‘पुर’चा सर्वांत जुना अर्थ गाव हा नाहीच. ऋग्वेदात ‘पुर्’ येतो तो तटबंदीच्या अर्थानं, आणि इंद्र ती फोडतो म्हणून पुरंदर. (आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गडाला गड फोडणाऱ्याचं नाव आहे, ही गंमत सहसा लक्षात येत नाही.) या एका अक्षरावर विसाव्या शतकात केवढा इमला उभा राहिला बघा. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पाला खोदकाम केलं, तिथं भक्कम तट सापडला. वेदांतले ‘पुर्’ म्हणजे हीच शहरं असणार, ती आर्यांनी फोडली असणार, असा तर्क त्यांनी मांडला आणि सिंधू संस्कृतीच्या नाशाचा आरोप थेट इंद्रावर ठेवला. पुढची कित्येक वर्षं शाळेच्या पुस्तकांतून हेच शिकवलं गेलं. मग जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये मोहेंजोदडोच्या ज्या सांगाड्यांवर कत्तलीची कथा उभी होती त्यांचा प्रश्न पुन्हा तपासला आणि कत्तलीचा पुरावा टिकत नाही असं दाखवलं. विल्हेल्म राऊ या जर्मन विद्वानानं १९७६ मध्ये वैदिक ग्रंथांत हा शब्द जिथं जिथं येतो त्या जागा गोळा करून तपासल्या. त्यातून दिसलं ते असं, की वेदांतला ‘पुर्’ म्हणजे वीटबंद रस्त्यांचं आणि गटारांचं शहर नव्हे. मातीचे किंवा दगडांचे बांध, त्यावर काट्याकुट्यांचं कुंपण, गरजेपुरता आडोसा, असं त्याचं रूप आहे. म्हणजे चूक खोदकामात नव्हती. आजचा अर्थ तीन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दात मागं ढकलला गेला, तिथं ती झाली. व्हीलर काही साधासुधा माणूस नव्हता. त्याची ही गत, तर नाक्यावरच्या फलकाखाली उभं राहून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचं काय होत असेल?

तटबंदीच्या अर्थानं पाहिलं की या शब्दाचे लांबचे नातलग दिसू लागतात. ग्रीकांची ‘पोलिस’ म्हणजे नगर. तिचा जुना अर्थ गडाचाच, आणि अथेन्समधली अॅक्रोपोलिस म्हणजे उंचावरचा गड. लिथुआनियन भाषेत ‘पिलिस’ आणि लातवियनमध्ये ‘पिल्स’ म्हणजे किल्ला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हे सगळे शब्द ‘पुर्’चे भाऊबंद मानतात. लातवियात दौगावा नदीवर दौगावपिल्स नावाचं शहर आहे. आणखी एक आहे येकाबपिल्स, सतराव्या शतकातल्या याकोब नावाच्या ड्यूकवरून पडलेलं. राज्यकर्त्याचं नाव पुढं आणि किल्ल्याचा शब्द मागं: मूर्तिजापूरची हुबेहूब बांधणी, बाल्टिक मुलखात. पूर्वेकडे हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर आणि पंडितांबरोबर गेला. सिंगापूर त्यातलंच, थायलंडमधल्या कांचनबुरी, रत्चबुरी, फेत्चबुरी या नावांतली ‘बुरी’ म्हणजे आपली पुरी. बालीत मात्र ‘पुरा’ म्हणजे देऊळ आणि ‘पुरी’ म्हणजे राजवाडा. इकडे गीतेनं देहालाच नऊ दारांचं पुर म्हटलं. आणि वऱ्हाडात? अचलपुरात ‘पुरा’ म्हणजे मोहल्ला: सरमसपुरा, बिलनपुरा. कुंपण, गड, नगर, देह, देऊळ, मोहल्ला. बालीतल्या पुजाऱ्याला जाऊन कुणी सांगावं का, की बाबा, तू हा शब्द चुकीचा वापरतोस, याचा खरा अर्थ काटेरी कुंपण? शब्दाचा खरा अर्थ त्याच्या जन्मवेळी ठरतो, ही समजूत किती पोकळ आहे ते अशा ठिकाणी कळतं.

आता दुसरा पूर, पाण्याचा. हा ‘भरणे’ या धातूतून आला आणि मराठीत याची प्रजा वस्तीच्या पुरापेक्षा कितीतरी मोठी. पोळीत भरतात ते पुरण. हिशेबाला भरलं ते पुरं, कमी पडलं ते अपुरं. पुरेसा, पुरवठा, पुरवणी सगळे याच घरचे. खड्डा भरून काढणं म्हणजे पुरणं, म्हणून प्रेतही पुरतात आणि धनही. आणि एखादा दहा जणांना भारी पडला तर तो ‘पुरून उरला’ म्हणतो आपण, तिथं पुरणं म्हणजे कमी न पडणं. एका क्रियापदात दफन आणि समृद्धी शेजारी शेजारी नांदतात आणि बोलणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. मूर्तिजापूर तालुक्यातून वाहणारी पूर्णा याच धातूची लेक. लाखपुरीला तिच्या काठी लक्षेश्वराचं देऊळ आहे, म्हणजे पूर्णेतलं ‘पूर’ आणि लाखपुरीतली ‘पुरी’ काठाला काठ लावून बसल्या आहेत, पण एकीचं दुसरीशी रक्ताचं नातं नाही. नावाची आणखी एक थट्टा या मातीनंच केली: भरलेली म्हणून पूर्णा, आणि तिचं खोरं खारपाणपट्ट्याचं. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं, पिण्याला पुरत नाही. व्युत्पत्तीनं नदीला भरलेली म्हणावं आणि दर्यापूर-मूर्तिजापूरच्या बाईनं गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी, यातलं खरं कोणतं हे विचारण्यात अर्थ नाही. शब्द आपल्या जागी खरा, हंडा आपल्या जागी. या धातूचे परदेशी नातलग ओळखायचे तर कान बाजूला ठेवून नियम धरावा लागतो. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजी घराण्यात ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. म्हणून पूर्ण आणि इंग्रजी ‘फुल’ सख्खे चुलत; आणि कानाला अगदी जवळचा वाटणारा इंग्रजी ‘प्युअर’ मात्र आपल्या पुराचा कुणीच लागत नाही.

शब्द जितका आखूड, तितका फसवा. दोन-तीन ध्वनींचा शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत योगायोगानं सापडतो, आणि सापडला की लगेच सोयरीक जुळवणारे पुढं येतात. इराणच्या सासानी घराण्यात शापूर नावाचे बादशहा झाले. त्या नावातला ‘पूर’ म्हणजे मुलगा. शाहचा मुलगा तो शापूर. हा पूर आपल्या ‘पुत्र’चा भाऊ आहे, ‘पुर’चा नाही. खुरासानातलं निशापूर हे शहर म्हणून आपल्याला ओळखीचं वाटतं, पण त्यातही गाव नाही, त्यात शापूर बसलेला आहे. बाळापूरजवळ अकबराचा मुलगा मुराद यानं वसवलेलं शहापूर मात्र आपल्या पुराचं. फारसीतला शापूर आणि वऱ्हाडातलं शहापूर कागदावर एक ‘ह’ सोडला तर सारखेच. एकात लेकरू आहे, दुसऱ्यात वस्ती. तिसरा पूर कोकणात भेटतो. बेने इस्रायल लोकांचा ‘पुरीम’ हा सण ज्या ‘पुर’वरून आला तो हिब्रूतला, मूळ अक्कादी शब्द, अर्थ चिठ्ठी टाकणं. होळीच्या सुमाराला येतो म्हणून हे मराठी यहुदी त्याला होळीचा सण म्हणत आले. आणि चौथी फसगत तर आपल्या डोक्यावरच उभी आहे. मेळघाटाचा डोंगर तो सातपुडा. त्यातला ‘पुडा’ संस्कृत ‘पुट’चा, म्हणजे घडीचा. हिंदीत ‘ड’ला नुक्ता लागला, इंग्रजीनं त्याचा ‘र’ केला, आणि आता नकाशावर सातपुरा वाचून कुणी सात नगरांची गोष्ट रचली तर नवल नाही. मेसोपोटेमियातलं ‘उर’ आणि दक्षिणेतलं ‘ऊर’ एकच, असं ठासून सांगणारेही याच पंक्तीला बसतात. ध्वनींचा नियमित हिशेब लागल्याशिवाय अशा सोयरिकीला हो म्हणू नये.

दक्षिणेतला ‘ऊर’ आला तिथून प्रश्न खरा अवघड होतो, आणि मूर्तिजापूरच्या माणसाला जवळचाही. तमिळ ‘ऊर’, कन्नड-तेलुगू ‘ऊरु’, अर्थ गाव. हा द्राविडी शब्द, ‘पुर’शी त्याचं काही नातं नाही. महाराष्ट्रात दोन्हींच्या नावांची सरमिसळ आहे, कारण प्राकृतात स्वरांच्या मधला ‘प’ झिजून जातो: दीपाचा दिवा झाला, ‘नूपुर’चं प्राकृतात ‘णेउर’ झालं. म्हणजे ‘पुर’ झिजून ‘उर’ होऊ शकतो. मग चांदूर, राजूर, नांदूर अशी नावं समोर आली की हा झिजलेला संस्कृत पुर की न झिजलेला द्राविडी ऊर, हे जुना ताम्रपट किंवा शिलालेख हाती लागल्याशिवाय सांगता येत नाही. लातूरच्या बाबतीत तो लागला. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ पुराचे अधिपती म्हणवत. त्यांच्या बिरुदावलीत ‘लट्टलूर’ आणि ‘पुर’ लागोपाठ येतात. गावाच्या नावात ऊर आधीच होता, पण राजाच्या संस्कृत पदवीला तो ऐकू आला नाही किंवा पुरला नाही, म्हणून वरून पुर चढवला. पंढरपूरचं तर याहून बोलकं. १२३७ च्या होयसळ सोमेश्वराच्या शिलालेखात त्या गावाचं नाव ‘पंडरगे’ असं कानडी वळणाचं आहे. अवघ्या मराठी मनात रुतून बसलेल्या नावातला ‘पूर’ हा नंतर जडलेला. तेव्हा नावाच्या शेवटी पूर दिसला म्हणजे मूळ संस्कृत नाव सापडलं, असं म्हणणाऱ्यानं पंढरीची वाट एकदा या शिलालेखावरून जाऊन पाहावी. ‘पूर’ कधी मूळ असतो, कधी कलम असतं, कधी नुसता रंग.

आता पुढचा तुकडा. मूर्तिजापूरचं नाव अहमदनगरच्या पहिल्या मुर्तजा निजामशहाशी जोडलं जातं. १५७४ मध्ये त्यानं इमादशाही बुडवली आणि वऱ्हाड घेतलं. त्याच्याच काळात सय्यद मुर्तजा सब्जवारी हा वऱ्हाडचा सरलष्कर होता, तेव्हा मुर्तजा एकटा नव्हता एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. (सब्जवार हे निशापूरच्या शेजारचं गाव, दोन्ही पुरांची गाठ अशी वऱ्हाडात पडते.) ‘मुर्तजा’ हे हजरत अलींचं बिरुद, अर्थ साधारण असा की ज्याच्यावर देव राजी झाला तो. आणि ‘राजी’ हाही त्याच अरबी धातूचा. ‘रजा’ त्याच धातूची, ‘मर्जी’ त्याच धातूची, ‘राजीनामा’तला राजीही तोच. कुठल्याही कचेरीत साहेबाच्या मर्जीनं रजेचा अर्ज मंजूर होतो तेव्हा मुर्तजाचं अख्खं कुटुंब तिथं हजर असतं, आणि त्यांना कुणी परकं म्हणत नाही. पण खरी कारागिरी लोकांच्या कानानं केली. मुर्तजा या अनोळखी नावात त्यांना ‘मूर्ती’ ऐकू आली आणि नाव मूर्तिजा झालं. लिहिणाऱ्यांनी त्याच्यावर शुद्धलेखनाचा शिक्काही मारला: सुट्या ‘मूर्ती’तला इकार दीर्घ, समासात तो ऱ्हस्व, जसं मूर्तिकार. तसंच मूर्तिजापूर. म्हणजे एका अरबी बिरुदाला संस्कृत समासाच्या नियमानं लिहिलं जातं, आणि त्यातून जो शब्द ऐकू येतो तो मूर्तीचा! मुर्तिजापूर, मुर्तजापूर अशीही रूपं पाट्यांवर दिसतात, ती चूक म्हणून खोडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की त्या प्रत्येक रूपात या प्रवासाचा एकेक मुक्काम आहे. नावाचं देशीकरण करायचं राहिलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या आधी साडेचारशे वर्षांच्या तोंडांनी ते करून टाकलं.

लोकांचं तोंड नाव बदलतं आणि मागून विद्वान त्याचं खापर परक्यांवर फोडतात, याचा पक्का दाखला मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेच्या रुळांनी ७६ किलोमीटरवर आहे. अचलपूरला इंग्रजी कागदांत एलिचपूर म्हणत, आणि आजही अनेकांची समजूत अशी की शुद्ध अचलपूर आधी मुसलमानांनी आणि मग इंग्रजांनी बिघडवलं. पण बाराव्या शतकात, गुजरातेत बसून, हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या एका गावासाठी वेगळा नियम दिला: अचलपुर या शब्दात ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते. म्हणजे लोक तेव्हाही अलचपूर म्हणत होते. दिल्लीच्या सुलतानांची फौज दख्खनेत उतरायला तेव्हा शंभरावर वर्षं होती, इंग्रजांना तर आणखी कितीतरी. व्याकरणकारानं लोकांना बिघडलेले म्हटलं नाही, त्यांच्या बोलण्याचा नियम करून ठेवला. अचलपूर हे जुनं नाव आहेच, ताम्रपटांतून ते भेटतं. पण एलिचपूर हेही तितकंच इथलं, वऱ्हाडी जिभेवर फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. आज फलकावर अचलपूर आहे याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या रूपाला परक्याची विकृती ठरवून त्याचा इतिहास पुसण्याबद्दल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाईन किलिक निक्सन या विलायती कंपनीनं कापसासाठी चालवली, तिला शकुंतला हे नाव मात्र कुठल्याही कंपनीनं दिलेलं नाही, लोकांच्या तोंडी तेच बसलं. नावं कुठं घडतात याचं उत्तर त्या रुळांवरही लिहिलेलं आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. नाव म्हणजे काही निरुपद्रवी आवाज नव्हे. जिंकणारा आपलं नाव गावावर ठोकतो ते गाव आपलं झालं हे सांगायला. लोकांनी मूर्ती ऐकली म्हणून १५७४ ची फौज पुसली जात नाही. खरं आहे. पण मग हा नियम सगळ्यांना लावा. वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनानं स्वतःच्या नावावरून प्रवरपूर वसवलं. अचलपूरजवळच्या चम्मक गावचं दान देणारा ताम्रपट तिथूनच निघाला. तो प्रवरपूर पवनार की मनसर, यावर इतिहाससंशोधक मिराशींपासून आजतागायत वाद चालू आहे, कारण राजा गेला, लोकांनी ते नाव जिभेवर ठेवलं नाही आणि गाव त्याखालून निसटलं. सत्तेनं दिलेलं नाव टिकणं हा सत्तेचा पराक्रम नसतो. ते टिकतं कारण नंतरची माणसं ते स्वतःचं म्हणून वापरत राहतात. दर्या इमादशहावरून दर्यापूर पडलं असं सांगतात. आज त्या नावात कुणाला दर्या आठवेल, कुणाला कापसाची बाजारपेठ, इमादशहा मात्र क्वचितच. आणि ‘पुर’ हा शब्दच मुळात गड आणि गड फोडणारे यांच्यातला. त्याला निष्पाप म्हणून बाजूला काढून फक्त पुढच्या तुकड्यावर आरोपपत्र ठेवणं हा पक्षपात झाला. एखाद्या समाजाला नाव बदलायचंच असेल तर त्याला तो अधिकार आहे, लोकशाहीत तो कुणी नाकारू नये. अट एवढीच, की ‘आम्हाला आज हे नाव नको आहे’ असं सरळ म्हणावं. शब्दाचं मूळ अमुक आहे म्हणून बदल आपोआप न्याय्य ठरतो, हा आडोसा घेऊ नये. राऊ यांच्या कुंपणाइतकासुद्धा तो आडोसा टिकणार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. वापरच जर सगळं ठरवतो, तर व्युत्पत्तीचा खटाटोप कशाला? कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ मध्ये मराठी व्युत्पत्ति कोश काढला तो वाया गेला का? गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, हे किती जणांना ठाऊक असतं. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे ते वाढले, आणि हातातल्या गाडग्यानं दिलेलं नाव जगानं घेतलं, काही अडलं का? अडलं नाही, पण डेबूजी जानोरकर हे नाव पुसून टाकलं असतं तर शेणगावचं परटाचं घर, दापुऱ्याची गुरं आणि शेती, हा माणूस कुठून उठून कुठं गेला, ते सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं. व्युत्पत्तीचा उपयोग तोच. फेरफाराचं रजिस्टर उघडल्यावर कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हद्दीत कुणाचं झाड होतं हे दिसतं. ‘पूर’ या शब्दानं वऱ्हाडात कुठल्या भाषा शेजारी राहिल्या ते दाखवलं: द्राविडी ऊर, प्राकृताची झीज, ताम्रपटांचं संस्कृत, निजामशाहीतली अरबी-फारसी आणि सगळ्यांवर फिरलेला वऱ्हाडी हात. कुठलंही एक पान फाडून तेवढंच मूळ म्हणून फ्रेम करायचं असेल तर मात्र कोशाला हात न लावलेला बरा.

करण्यासारखं काम यापेक्षा साधं आहे आणि निकडीचंही. मूर्तिजापूर तालुक्याची गावंच घ्या: हिरपूर, लाखपुरी, मधापुरी, दापुरा, राजुरा, मंगरूळ कांबे, कुरुम, माना, सिरसो. यातल्या पहिल्या दोन-तीन नावांत पुर उघड दिसतो. राजुऱ्यात तो झिजलेला आहे की मुळातच ऊर आहे? मंगरूळमध्ये कधीकाळी मंगळूर होतं आणि ‘ळ-र’नी अचलपूरसारख्याच जागा बदलल्या का? दापुऱ्यातला ‘पुरा’ मोहल्ल्याचा, गावाचा की आणखी कशाचा? याची उत्तरं अंदाजानं द्यायची नसतात. जुन्या सनदा, देवळातले लेख, इंग्रजी अमदानीतली गावनकाशांची रूपं आणि म्हाताऱ्या माणसांचे उच्चार समोरासमोर मांडावे लागतात. त्यातला शेवटचा पुरावा सर्वांत लवकर संपणारा आहे. सातबारे संगणकावर चढले आणि त्याबरोबर प्रत्येक नावाचं एकच रूप कायम झालं. ज्या कारकुनानं जे टंकलं ते. शेतांची, नाल्यांची, पांदणींची, पडक्या विहिरींची नावं तर त्यातही नाहीत, ती अजून फक्त तोंडात आहेत. तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेका वर्गाला दहा-दहा गावं वाटून दिली, नाव कसं लिहितात याच्या शेजारी जुन्या वस्तीतली माणसं ते कसं म्हणतात हे ध्वनिमुद्रणासह नोंदवलं, तर दोन-तीन उन्हाळ्यांत एका तालुक्याचं काम होईल. सुरुवात राजुऱ्यापासून करावी. तिथं उत्तर आधी माहीत नाही.